शेठचे उपकार, दिराचा अबोला आणि यंदाचा गणपती

खाडीकाठची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, रेसिप्या आणि गावगजाली, लिहायला पहिल्यांदाच बसलेय त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी राजापूर तालुक्यातली. २०२४ च्या मे महिन्यात मिस्टर आंब्याच्या कलमावरून पडून गेले. एरवी ते चढायचे नाहीत, गडी असायचे, पण शेवटची तोड होती, आभाळ भरून आलेलं, गडी दुपारचे जेवायला गेलेले आणि वरच्या खांदीवर चार आंबे दिसतायत म्हणून हे झेला (आंबे काढायची जाळीची काठी) घेऊन चढले आणि खांदी फुटली. मी खळ्यात पेट्यांना पेंढा लावत होते.

त्यावेळी आमच्या गावचे शेठ धावून आले. नाव लिहीत नाही, इकडचं कोणी वाचत असेल तर कळेलच. आंब्याचा मोठा व्यापार, कॅनिंगचा कारखाना, पंचायत समितीत त्यांच्या शब्दाला वजन, गावात कोणाचं काही अडलं की आधी त्यांच्या पडवीत जायचं ही रीतच. त्यांची गाडी आली, राजापूरच्या सरकारी दवाखान्यात सलाईन लावून दिली आणि रत्नागिरीला न्या म्हणाले, तर शेठ स्वतः मागे बसले, सलाईनची बाटली हातात वर धरून, लांजा पाली करत थेट रत्नागिरीपर्यंत. मधे हात बदलला तेवढाच. ड्रायव्हरकडे बाटली द्या म्हटलं तर म्हणाले तू त्याचं डोकं धर. पांढरा शर्ट पार रक्ताने भरलेला. तिथून कोल्हापूरला हलवायला सांगितलं, अँब्युलन्सचे पैसे त्यांनीच भरले, पण साखरप्याच्या पुढे घाट लागायच्या आधीच सगळं संपलं.

हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पुढचंही त्यांनीच बघितलं. तेराव्याचे तांदूळ, मुलीची रत्नागिरीची कॉलेजची फी, पहिल्या वर्षी मोहोराला फवारणी करायला माझ्याकडे औषधाचे पैसे नव्हते तर त्यांची माणसं पंप घेऊन आली. सरकारकडून का कुठून दोन लाख आले तेही त्यांच्याच माणसाने फाईल केली म्हणून.

आता खरं दुखणं. धाकटे दीर डोंबिवलीला असतात. वारस नोंदीसाठी अर्ज दिला तर त्यांनी हरकत घेतली. मला धक्काच बसला, कारण भाऊ गेल्यावर हा माणूस लहान पोरासारखा रडला होता. मी शेठना सांगितलं. २०२५ च्या शिमग्याला दीर गावी आले तेव्हा पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, बसलेली, अख्खी वाडी जमलेली आणि शेठनी सगळ्यांसमोर त्यांना सुनावलं, की भावाच्या बायकोच्या ताटातलं ओढतोस, लाज नाही वाटत? दीर एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेले ते गेलेच.

आमचा गणपती मूळ घरात, दोघा भावांचा एकच. गेल्या वर्षी दिरांनी डोंबिवलीला वेगळा आणला. इकडे आरतीला शेजारची पोरं बोलवावी लागली, कारण माझा मुलगा नववीत, त्याचा आवाज फुटलेला, तो लाजतो. सासूबाईंनी करंज्या केल्या तेव्हा दिरांच्या वाटणीच्या वेगळ्या डब्यात भरल्या, गौरी गेल्या, गणपती गेले, डबा फडताळातच. मी काही बोलले नाही, त्याही नाहीत.

आता शेठ म्हणतायत की कलमं दहा वर्षांच्या कराराने मला दे, तुझ्या डोक्याचा ताप जाईल, वर्षाला ठराविक रक्कम घरपोच. रक्कम कमी वाटते पण त्यांना नाही कसं म्हणायचं? हे दिरांच्या कानावर गेलं आणि जावेकडून निरोप आला, कलमं शेठच्या घशात घालायची होती तर आम्हाला निदान सांगायचं तरी.

मला शेठचे उपकारही फेडायचेत आणि यंदा दीर-जाऊ-पोरं गणपतीला घरी यायला हवीत. सासूबाईंचं वय झालंय. दोन्ही कसं जमवायचं सांगा.

चाकरमानी

ताई, वाचून गलबललं. मिस्टरांना श्रद्धांजली.

मी स्वतः धाकटा भाऊ आणि मुंबईकर, म्हणून दिराच्या बाजूने दोन शब्द. शिमग्याला सहाणेवर वाडीसमोर ऐकून घेणं म्हणजे काय हे मुंबईच्या माणसाला विचारा. आम्ही वर्षभर लोकलला लटकतो ते त्या चार दिवसांसाठी, तिथे आपली पत गेली की गाव संपलं. शेठनी तुमच्यासाठीच केलं, मान्य, पण घरातली गोष्ट घरात विचारायची होती. दिराने हरकत का घेतली हे कोणी विचारलंय का? रडणारा माणूस उगाच हरकत घेत नाही. आणि सातबाऱ्यावर नाव नक्की कसं आहे ते सांगा.

खाडीकाठची

नाही हो, कोणीच नाही विचारलं. मला वाटलं जमीन हवी असेल.

सातबाऱ्यावर मिस्टरांचं एकट्याचं नाव, पुढे ए.कु.मॅ. असं काहीतरी लिहिलंय. सासरे १९९१ ला गेले तेव्हापासून तसंच. एक नणंद आहे, संगमेश्वरला दिलेली.

कातळसडा

मिळाली गाठ! महसूल खात्यात आयुष्य गेलं, आता रिटायर आहे, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. पूर्वी बाप गेला की थोरल्या भावाचं नाव लावायचे आणि पुढे ही तीन अक्षरं. त्याचा अर्थ जमीन त्याची एकट्याची असा नाही, तो सगळ्यांच्या वतीने बघणारा. बाकीच्या भावंडांची नावं सातबाऱ्यावर यायची नाहीत आणि आली नाहीत तरी कोणाचं अडायचं नाही, कारण सगळे एका चुलीवर जेवायचे. कोकणात असे सातबारे ढिगाने आहेत आणि निम्मी भांडणं या तीन अक्षरांतून निघतात.

आता दिराच्या जागी उभे राहा. थोरला भाऊ गेला. वहिनीने वारस नोंदीचा अर्ज टाकला. ती नोंद जशीच्या तशी मंजूर झाली तर सातबाऱ्यावर वहिनी, पुतणी, पुतण्या आणि आई, आणि याचं नाव कुठेच नाही! वडिलांच्या जमिनीत हा उपराच. याला कोणीतरी डोंबिवलीत सांगितलं असणार की आत्ता हरकत घेतली नाहीस तर गेलं. नोटीस निघाली की हरकतीला पंधरा दिवस असतात, माणूस घाबरून आधी कागद टाकतो आणि मग विचार करतो.

म्हणजे त्याला तुमचं नको असेल, त्याचं हवं असेल. कायद्याने असं बघा: सासरे गेले तेव्हा त्यांच्या वारसांत सासूबाई, दोन्ही मुलगे आणि नणंद, सगळे आले. नणंदेला विसरू नका, लग्न झालं म्हणून हक्क जात नाही. त्यातला जो तुमच्या मिस्टरांचा वाटा, त्याला १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे तुम्ही, मुलगी, मुलगा आणि सासूबाई समान वारस. त्या वाट्यात दीर येत नाही. पण त्याचा स्वतःचा आहेच.

उपाय सोपा आहे, पण एकत्र जाऊन करायचा. दोघांनी मिळून अर्ज द्या की ए.कु.मॅ. शेरा कमी करून सासऱ्यांच्या सगळ्या वारसांची नावं लावा आणि मयत खातेदाराच्या जागी त्याचे वारस लावा. मृत्यू दाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र, जुने फेरफार म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलांच्या नोंदी. सासरे गेले तेव्हाचा फेरफार आवर्जून काढा, त्यात बहुतेक सगळ्या भावंडांची नावं लिहिलेली सापडतील. वारस नोंदीचा अर्ज सरकारच्या ई-हक्क साइटवरून घरबसल्याही करता येतो. गेल्या वर्षी जिवंत सातबारा मोहीम होती तेव्हा खास वारस नोंदीच चालल्या होत्या, तेव्हा झालं असतं, असो. दिराने हरकत मागे घेतल्याचं लिहून दिलं की सुनावणीचं लचांड संपलं. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं म्हणे, पण हाक तलाठी भाऊ अशीच मारा, काम होईल.

मालवणी माणूस

गे बाय, तुझा सगळा वाचलंय. डोळ्यात पाणी इला. शेठान केल्यान ता बराच केल्यान, पण सातबारो तुझो आणि तुझ्या पोरांचो पण आसा ता इसरू नको. देवाक गाऱ्हाणा घाल, आणि दिराक फोन कर. पयलो फोन तूच कर गो. मोठी तूच मगे.

हापूसवाला

आंब्याच्या करारावर बोलतो कारण तेच माझं दुकान.

सगळे शेठ वाईट नसतात हे आधीच सांगतो, मी पण कराराने कलमं घेतो. पण दहा वर्षं?? आमच्यात एक हंगाम, दोन हंगाम, फार तर तीन. दहा वर्षांत भाव कुठे, हवामान कुठे, थ्रिप्स किडीने तर औषधांचा खर्च कुठल्या कुठे नेऊन ठेवलाय. आजची ठराविक रक्कम दहाव्या वर्षी तुम्हाला हसेल. दुसरं, कराराने घेणारा माणूस कल्टार, म्हणजे मोहोर आणायचं औषध, घालणार, ते झाडाच्या विस्ताराप्रमाणे बेताने घातलं तर ठीक, पण आपलं झाड नाही म्हटल्यावर काही जण दरवर्षी ओततात आणि खत देत नाहीत. करार संपतो तेव्हा मालकाला दमलेली झाडं परत मिळतात. मिस्टरांनी वाढवलेली कलमं आहेत ना? मग अटी लिहून घ्या, कल्टार किती आणि खत कोणाचं ते सुद्धा.

तिसरं, वर्षाच्या वरचा करार रजिस्टर करावा लागतो, नोटरीच्या कागदावर भागत नाही. चौथं कातळसडा काकांनी सांगावं, पण माझ्या वकिलाने मला एकदा थांबवलं होतं, की मालकांत अज्ञान, म्हणजे अठराच्या आतलं, मूल असेल तर त्याची मिळकत पाच वर्षांच्या वर भाड्याने द्यायला कोर्टाची परवानगी लागते. तुमचा मुलगा नववीत.

कातळसडा

बरोबर. हिंदू अज्ञानत्व व पालकत्वाचा १९५६ चाच कायदा आहे, कलम आठ. आणि सहहिस्सेदारांची नावं लागायची आहेत तोवर ताई एकट्या सही करून दहा वर्षं बांधायच्या भानगडीत पडूच नका.

ताई, ते दोन लाख म्हणालात ते गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान असणार. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर वारसाला दोन लाख, झाडावरून पडणं त्यात येतं. ते सरकारचे पैसे आहेत, तुमच्या हक्काचे. शेठच्या माणसाने फाईल केली त्याबद्दल धन्यवाद द्याच, पण उपकाराच्या खात्यात ते धरू नका.

खाडीकाठची

असं होय. पासबुकावर काहीतरी लांबलचक इंग्रजी होतं ते मला कळलं नव्हतं. शेठनी मी दिले असं कधीच म्हटलं नाही. पण गावात सगळे तसंच धरून चालले आणि तेही काही बोलले नाहीत.

कोकणी बाणा

हेच तर!! पूर्वी सारा वसूल करणारे खोत होते, १९४९ ला खोती गेली कागदावर, आता शेठ आले. सरकारी योजना यांच्या पडवीतून वाटायच्या आणि मग कलमं यांची. आंबा आमचा, कॅनिंग यांचं, दर यांचा. ताई अजिबात सही करू नका, तोंडावर नाही म्हणून सांगा.

आबोली

बाणा, तुम्ही कीबोर्डवर शूर आहात, पण तिला त्याच वाडीत राहायचंय.

माझे यजमान गेले तेव्हा आमच्या गावात असा कोणी शेठ नव्हता. योजना तीच, दोन लाख तेच, पण पोस्ट मॉर्टेमच्या कागदावर नावात एक काना चुकला म्हणून फाईल टेबलाखाली गेली ती वर्षभर वर आलीच नाही, मी आणि म्हातारे वडील तालुक्याला हेलपाटे घालतोय, साहेब मीटिंगला, साहेब दौऱ्यावर, एसटीचं भाडं गेलं ते वेगळंच. विधवा बाई एकटी ऑफिसात गेली की शिपाई पण बस म्हणत नाही. हक्काचे पैसे म्हणणं सोपं असतं हो. शेठचा एक फोन गेला आणि तिचं काम झालं याची किंमत मला विचारा. आणि सलाईनची बाटली धरून बसलेला माणूस, तो खोत असो की कोण असो, त्याला मी नमस्कारच करेन.

पण ताई, नमस्कार वेगळा आणि करार वेगळा, इथे हापूसवाल्यांशी सहमत. फीचे पैसे त्यांचे स्वतःचे होते ना, मग ते फेडा. सावकाश फेडा, पेट्यांच्या रूपात फेडा, पण हिशेब धरून. सलाईनच्या बाटलीचं फिटणार नाही, ते तसंच राहू दे.

अजून एक विचारते, राग नको. गौरीच्या ओवशाला, म्हणजे सुपातलं वाण द्यायला, तुमच्याकडे तुम्ही बसता का? की नाही?

खाडीकाठची

नाही बसत. गेल्या वर्षी आतच होते, नैवेद्य रांधत. जाऊबाई आल्या असत्या तर घरची सून म्हणून त्यांनीच सूप धरलं असतं. नव्हत्या म्हणून शेजारच्या काकूंनी धरलं. सासूबाई बाहेर पडवीत जाऊन बसल्या.

आबोली

मग यंदा तुम्ही बसायचं. कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मधे विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, त्याच महिन्यात सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं परिपत्रक काढलं. आमच्याकडे ठराव झालाय पण सुपाला हात लावायला पहिली बाई मिळत नव्हती. मग माझ्या जावेनेच माझ्या हातात सूप दिलं, भर घरात, सासूसमोर. तुमची जाऊ कशी आहे?

खाडीकाठची

चांगली आहे. मुलीला मासिक पाळीचं सगळं तिनेच सांगितलं होतं, मी लाजत होते. शिमग्यानंतर तिने मला फोन केला नाही आणि मीही नाही.

चाकरमानी

मग फोन जावेला करा, दिराला नको. आणि पहिलं वाक्य हेच, की भावोजींचं नाव सातबाऱ्यावर लावायचंय, जुना फेरफार काढायला या. गणपतीला या असं म्हणूच नका. ते आपोआप येतं.

गणपती १४ सप्टेंबरला. रेल्वेचं रिझर्व्हेशन साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे पुढच्या आठवड्यात. सकाळी आठला बसलं आणि आठ-पाचला उठलं की वेटिंग. हे दिराला चांगलं ठाऊक असणार, म्हणून जे बोलायचं ते लवकर बोला.

कोकणी बाणा

आबोली ताई, टेबलाचा मुद्दा मान्य. पण एक सांगा, टेबलावर फाईल अडते म्हणूनच शेठ मोठे होतात ना? दोन्ही एकाच माळेचे मणी. असो, विषयांतर नको, गप्प बसतो.

खाडीकाठची

मंडळी, उत्तर द्यायला उशीर झाला, लावणी चालू होती, कंबर मोडली.

जावेला फोन केला. पहिल्यांदा दोघी नुसत्या रडलो, मग तिनेच विचारलं भात लावून झाला का. मी नावाचं बोलले तेव्हा ती गप्प झाली आणि फोन सरळ भावोजींच्या हातात दिला. ते म्हणाले, "वहिनी, मला तुमचं काही नको होतं, माझ्या बापाच्या कागदावर माझं नाव हवं होतं, ते विचारायला मी शिमग्याला आलो होतो." म्हणजे ते बोलायलाच आले होते आणि त्याआधीच सहाणेवर ते सगळं झालं. कातळसडा काका, तुम्ही म्हणालात तेच, त्यांच्या ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलेलं की पंधरा दिवसांत हरकत टाक.

नणंदेलाही कळवलं. ती म्हणते मला वाटा नको, सोडून देते. भावोजी म्हणाले नाव तर लागू दे तुझं, मग काय सोडायचं ते बघ. हे मला आवडलं.

मग मी आणि सासूबाई शेठकडे गेलो. आंबापोळी आणि आमसुलं नेली. सासूबाईच बोलल्या, मला वाटलं नव्हतं. म्हणाल्या, "शेठ, माझ्या लेकाला तुम्ही मांडीवर घेऊन गेलात, तुमचं भलं होवो. दुसरा लेक पण माझाच हाय, त्याला वाडीसमोर बोललात तो माझ्या जिव्हारी लागला." शेठ खाली बघत सुपारी कातरत बसले. बराच वेळ. मग म्हणाले, तो काय करतो आता, अजून त्याच कंपनीत का. बस, तेवढंच. माफी वगैरे नाही, आणि तसला माणूस मागणारही नाही.

कराराचं मी सांगितलं की नावं लागेपर्यंत सही नाही, आणि लागल्यावर दोघं दीर-भावजय मिळून फार तर एका हंगामाचं ठरवू. फीचे पैसे येत्या मोसमात पेट्यांतून वळते करा म्हटलं. चेहरा पडला त्यांचा. पैशाचं काढू नकोस म्हणाले. मी म्हटलं काढते, माझ्या मुलीचं शिक्षण आहे. मग म्हणाले बघू, हिशेबाला माणूस पाठवतो. अजून पाठवलेला नाही. गोड बोलून निघालो पण पुढे काय ते माहीत नाही, फवारणीच्या वेळी त्यांचे पंप येतील असं धरून चालत नाहीये.

हापूसवाले दादा, गड्यांसकट फवारणी करणारं कोणी राजापूरच्या बाजूला असेल तर कळवा.

हापूसवाला

कळवतो. ऑक्टोबरच्या आत ठरवा, मोहोर यायला लागला की कोणी मिळत नाही. फवारणी उधार चालेल, औषध रोख.

मालवणी माणूस

सासूक माझो नमस्कार सांग गो. बाकी सगळा देव बघता.

चाकरमानी

तिकिटाचं काय झालं?

खाडीकाठची

भावोजी सकाळी आठला बसले होते, चौघांचं वेटिंग लागलंय, राजापूर रोडपर्यंतचं. ते म्हणतात कन्फर्म नाही झालं तर एसटीच्या ग्रुप बुकिंगने येऊ, जाऊ म्हणते मी पोरांना घेऊन आधी येते, गौरीच्या तयारीला. सूप नवीन घ्यायचंय, जुन्याला उंदीर लागलाय, बाजारातून दोन घेऊन ठेव म्हणाली.

आबोली

दोन!